माजी पाळकाची शिकवण व शास्त्राची कसोटी

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये १७:१०-१२, १ थेस्सलनीकाकरांस ५:१९-२२



पौल व सीला हे रात्रीच्या वेळी थेस्सलनीका सोडून बिरुया गावी आले, त्या वेळी पौल हा कोणी नवखा उपदेशक नव्हता. दिमिष्काच्या वाटेवर त्याला प्रभूचे दर्शन झाले होते; त्याने फटके सोसले होते व बंदिवास भोगला होता. तरी बिरुयाच्या लोकांनी त्याचे भाषण ऐकून लगेच मान डोलावली नाही, आणि परका मनुष्य म्हणून दारही लावून घेतले नाही. त्यांनी वचन उत्सुकतेने ऐकले, आणि हा सांगतो ते शास्त्रात तसेच आहे की काय, हे ते दररोज शोधून पाहू लागले. लूक ह्याबद्दल त्यांना दोष देत नाही. थेस्सलनीकेच्या लोकांहून ते थोर मनाचे होते अशी तो त्यांची वाखाणणी करतो. आणि पुढच्याच ओवीत त्याचे फळ सांगतो, की म्हणून त्यांच्यापैकी पुष्कळांनी विश्वास ठेवला. प्रेषिताची पारख केल्याने त्यांचा विश्वास ढळला नाही. त्या पारखण्यातूनच तो उपजला.

आपल्या नांदेड व लातूर भागातील मंडळ्या बहुधा लहान आहेत. एका पाळकाच्या वाट्यास पुष्कळदा अनेक गावे येतात. ज्याच्या तोंडून आपण वर्षानुवर्षे वचन ऐकले, ज्याच्या हातून आपल्या लेकरांचा बाप्तिस्मा झाला, ज्याने आपल्या वडिलांच्या कबरेजवळ उभे राहून प्रार्थना केली, असा पाळक जेव्हा काम सोडून जातो किंवा मंडळी त्याला कामावरून दूर करते, आणि मागाहून असे उघड होते की त्याने शास्त्रवचने वाकवून शिकविली, तेव्हा विश्वासणाऱ्यांच्या मनाची मोठी ओढाताण होते. कोणी म्हणतो, त्याच्याविरुद्ध बोलणे पाप आहे. कोणी म्हणतो, आम्ही अडाणी, खरे काय व खोटे काय हे आम्हास कसे कळावे? आणि कोणी घाबरून विचारतो, त्याची शिकवण खोटी, तर मग माझा बाप्तिस्माही खोटाच काय? हे तीन प्रश्न खरे आहेत, आणि त्यांचे उत्तर शास्त्रातूनच घेतले पाहिजे. त्यांचा आपण क्रमाने विचार करू.

पहिला प्रश्न : पाळकाच्या शिकवणीविषयी प्रश्न विचारणे पाप आहे काय?

जो उपदेशक प्रश्नांना भितो, त्याचे आवडते वचन बहुधा १०५ व्या स्तोत्रातील १५ वी ओवी असते. देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नये, असे ती सांगते. तेवढे एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकले म्हणजे वडील मंडळींचेही तोंड बंद होते. परंतु ते स्तोत्र मागून पुढे वाचा. तेथे अब्राहाम, इसहाक व याकोब हे परमुलखात भटकत होते त्या दिवसांची गोष्ट चालली आहे. ते थोडके व उपरे होते, आणि त्यांना इजा करू नये म्हणून देवाने राजांना धमकाविले. ज्यांच्याजवळ बळ नव्हते त्यांच्या रक्षणाचे हे वचन आहे. त्याचा उपयोग करून बळवानाने दुबळ्याचे तोंड दाबावे, हे त्या वचनाचे शीरच उलटे करणे होय.

दाविदाची गोष्टही अशीच अर्धी सांगितली जाते. शौल त्याच्या जिवावर उठला असता दाविदाने गुहेत त्याला मारले नाही, कारण तो अभिषिक्त होता. इतके खरे. परंतु तो अध्याय, १ शमुवेल २४, येथे थांबत नाही. दावीद गुहेच्या बाहेर येऊन शौलास हाक मारतो, त्याच्या झग्याचा कापलेला काठ हातात धरून दाखवितो, तू कोणाचे ऐकून माझ्या मागे लागला आहेस असे विचारतो, आणि दोघांच्या मध्ये परमेश्वरच न्याय करो असे म्हणतो. त्याने तलवार उगारली नाही, पण सत्यही झाकले नाही. पुढे दावीद स्वतः अभिषिक्त राजा झाला आणि त्याने पाप केले, तेव्हा नाथान संदेष्ट्याने गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगून त्याचा दोष त्याच्याच पदरात घातला. अंत्युखियात पेत्र चुकला, तेव्हा पौलाने सर्वांसमक्ष त्याला अडविले, हे गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात तर पौल आपले स्वतःचे नाव घेऊन सांगतो, की आम्ही किंवा स्वर्गातील दूतानेही निराळे शुभवर्तमान सांगितले तर ते स्वीकारू नये. ज्या प्रेषिताने स्वतःलाही कसोटीतून वगळले नाही, त्याच्या नावाने उपदेश करणाऱ्या कोणत्या पाळकाने स्वतःला वगळावे?

आपल्या महाराष्ट्रातच ह्याचे एक मोठे उदाहरण आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडात वाँटेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी झाला. ज्या भगिनींनी त्यांना आश्रय दिला, त्या विद्वान व धार्मिक होत्या. रमाबाई परदेशात, विधवा, लहान लेक कडेवर, अशा त्यांच्या ऋणात होत्या. तरी पुढील वर्षांत त्यांनी आपल्या शिक्षिकांना पत्रांतून शिकवणीविषयी प्रश्न विचारले, आणि दुसऱ्याच्या विवेकबुद्धीने चालण्यास त्या राजी झाल्या नाहीत. त्यांच्यावर हट्टीपणाचा व गर्वाचा आरोप आला. परंतु त्यांनी ख्रिस्ताला सोडले नाही, आणि ज्यांनी उपकार केले त्यांचे प्रेमही विसरल्या नाहीत. त्याच रमाबाईंनी आयुष्याची शेवटली वर्षे केडगाव येथे संपूर्ण पवित्र शास्त्र सोप्या मराठीत उतरविण्यात घालविली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या, आणि ते भाषांतर १९२४ त प्रसिद्ध झाले. हे कष्ट कशासाठी? साध्या बायामाणसांनी वचन स्वतः वाचावे म्हणून. प्रश्न विचारणाऱ्या बाईने इतरांच्या हाती शास्त्र दिले, हे ध्यानात ठेवा.

माळेगावच्या जत्रेत बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, त्याला चालवून पाहतो. लातूरच्या आडतीत व्यापारी पोत्याच्या तोंडची मूठभर तूर पाहून भाव ठरवीत नाही, आतली तूर काढून पाहतो. ह्याचा राग प्रामाणिक शेतकऱ्याला येत नाही. नाशवंत वस्तूविषयी आपण इतके सावध, आणि आत्म्याच्या अन्नाविषयी मात्र डोळे मिटून घ्यावे, हे शहाणपण नव्हे.

दुसरा प्रश्न : शास्त्राचा दुरुपयोग आम्ही कसा ओळखावा?

प्रथम हे समजून घ्या, की खोटी शिकवण नेहमी शास्त्राबाहेरूनच येते असे नाही. अरण्यात सैतानाने प्रभूसमोर जे मांडले, ते ९१ व्या स्तोत्रातील वचन होते. शब्द खरे होते, उपयोग खोटा होता. प्रभूने त्याला दुसऱ्या वचनाने उत्तर दिले. म्हणजे एका वचनाचा अर्थ साऱ्या शास्त्राच्या उजेडात पाहावा, हे त्याने आपल्या कृतीने शिकविले. आता खेड्यापाड्यांत ज्या वचनांची ओढाताण अधिक होते, त्यांपैकी काही पाहू.

पैशाविषयी. मलाखीचा तिसरा अध्याय काढून, दशमांश दिला नाही तर तुझ्यावर शाप येईल, असे मजूर बाईस सांगण्यात येते. ऊसतोडीची उचल घरात येण्यापूर्वीच तिचा हिशेब होतो. परंतु मलाखीचे पुस्तक पहिल्या अध्यायापासून वाचले, तर कठोरात कठोर शब्द याजकांसाठीच आहेत असे दिसेल. देवाच्या वेदीवर लंगडी जनावरे चढविणारे व नियम मोडणारे ते होते. आणि दशमांश कोणासाठी होता? अनुवाद १४:२८-२९ वाचा. दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश लेवी, परदेशी, अनाथ व विधवा ह्यांना पोटभर मिळावे म्हणून गावात साठविला जाई. ज्या वचनाने विधवेला जेवू घालावयाचे, ते दाखवून विधवेच्याच घरातले उचलून न्यावे, ह्याला काय म्हणावे? विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांविषयी प्रभू काय बोलला, ते मार्क १२:४० येथे आहे. देणे हे ख्रिस्ती मनुष्याचे भूषण खरे. पण २ करिंथकरांस ९:७ प्रमाणे ते खुशीचे असावे. शापाच्या धाकाने काढलेला पैसा हा दानात मोडत नाही.

रोगाविषयी. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे व त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असे आहे. हे आपण अवश्य करावे. परंतु ह्यावरून, औषध घेणे म्हणजे अविश्वास होय, असे शिकविणारा मनुष्य याकोबाने जे लिहिले नाही ते त्याच्या नावावर घालतो. हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिराचा लेप लावण्यास यशया संदेष्ट्यानेच सांगितले. लूक वैद्य होता आणि पौलाने त्याला प्रिय वैद्य म्हटले. आजाऱ्यांना वैद्याची गरज असते, हे तर प्रभूने स्वतःच्या कामाचे उदाहरण म्हणून सांगितले. ज्या मिशनांनी आपल्याला शास्त्र दिले, त्यांनीच दवाखानेही उघडले, मिरजेस डॉ. विल्यम वानलेस ह्यांनी १८९४ त रुग्णालय सुरू केले, तेथे प्रार्थना व शस्त्रक्रिया ही एकमेकींच्या आड आली नाहीत. ज्या मातेने पाळकाच्या सांगण्यावरून लेकराला दवाखान्यात नेले नाही आणि ते लेकरू गेले, तिला मागाहून, तुझा विश्वास उणा पडला, असे सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. बाई, तुझा विश्वास उणा नव्हता. तू देवाच्या नावाने जे ऐकलेस त्यावर भरवसा ठेवलास. त्याचा जाब ज्याने देवाचे नाव लावून सांगितले त्याला द्यावा लागेल. तुझे अश्रू मात्र देवाजवळ मोजलेले आहेत.

संकटाविषयी. लातूर जिल्ह्यातल्या माणसाला ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट सांगावी लागत नाही. गणेशविसर्जन आटोपून लोक निजले होते. चार वाजण्यास काही मिनिटे असता किल्लारी व आसपासची भूमी हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यांतील हजारो माणसे झोपेतच गाडली गेली, आणि पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. अशा प्रसंगानंतर, हा मूर्तिपूजेचा दंड होता, अमक्या लोकांच्या पापामुळे हे झाले, असे शास्त्र उघडून सांगण्याचा मोह उपदेशकाला होतो. सदोम व गमोरा ह्यांची गोष्ट त्याच्या तोंडी तयारच असते. मोठमोठ्यांनाही हा मोह झाला आहे. जानेवारी १९३४ च्या बिहारच्या भूकंपास महात्मा गांधींनी अस्पृश्यतेच्या पापाचा दंड म्हटले, तेव्हा रवींद्रनाथ ठाकुरांनी, गांधींविषयी पूर्ण आदर ठेवून, त्या म्हणण्याचा उघड विरोध केला.

आपल्याला तर प्रभूचे स्पष्ट उत्तर आहे. लूकाचा तेरावा अध्याय उघडा. पिलाताने ज्यांची हत्या केली त्या गालीलकरांची बातमी काही लोक घेऊन आले. प्रभूने त्यात शिलोहाच्या बुरुजाखाली सापडलेल्या अठरा जणांची भर घातली, आणि विचारले, की मेलेले हे इतरांहून अधिक पापी होते असे तुम्हांस वाटते काय? त्याचे उत्तर त्यानेच दिले, आणि ते उत्तर नकाराचे होते. मग त्याने ऐकणाऱ्यांना स्वतः पश्चात्ताप करण्यास सांगितले. मेलेल्यांच्या पापाचा हिशेब करण्याची मोकळीक त्याने कोणाला दिली नाही. किल्लारीस बुरूज पडला नाही, घरे पडली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद, असे घर उन्हाळ्यात थंड राहते, पण भूमी हलली की तेच माणसावर कोसळते. त्या माळवदाखाली भजन करणारा गेला व न करणाराही गेला. तान्हे बाळही गेले. त्यांच्या नातलगांना शेजारधर्माने भाकर व पांघरूण द्यावयाचे, की शापाचे वचन ऐकवावयाचे? पहिले प्रभूच्या शिकवणीस धरून आहे; दुसरे तिच्याविरुद्ध आहे, मग ते कितीही ओव्या काढून सांगितलेले असो.

शेवटल्या दिवसाविषयी. येथे आपल्या देशातील एका माजी पाळकाचा इतिहास सांगणे उपयोगी पडेल. दक्षिणेत त्रावणकोर संस्थानात यूस्तुस योसेफ नावाचे चर्च मिशनरी सोसायटीचे पाळक होते. ते तमिळ ब्राह्मण घराण्यातले. १८६१ त त्यांनी आपल्या कुटुंबासह ख्रिस्ती धर्म स्वीकारला. विद्वत्तेमुळे लोक त्यांना ‘विद्वान् कुट्टी’ म्हणत. १८७० नंतरच्या दशकात त्या भागातील मंडळ्यांत मोठी जागृती झाली. लोक पापे कबूल करून रडू लागले, आणि तिच्यात योसेफ पुढारी होते. इतक्यात, प्रभू सहा वर्षांत, म्हणजे १८८१ त, परत येणार, अशी वाणी एकाने सांगितली, आणि पाळकांनी ती उचलून धरली. मत्तय २४:३६ व प्रेषितांची कृत्ये १:७ ही वचने त्यांना पाठ असतील. पण जागृतीच्या भरात ती मागे पडली. मिशनशी त्यांचा संबंध तुटला. १८८१ हे वर्ष आले आणि गेले. त्या वेळी, आम्ही चुकलो, असे म्हणण्याची वाट मोकळी होती. तसे न होता, येणे झाले आहे पण ते गुप्त रीतीचे आहे, आता नवे युग लागले आहे, असा अर्थ लावून ‘युयोमय’ ह्या नावाने निराळा पंथ उभा राहिला. १८८७ त योसेफ वारले.

त्याच शतकात अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या बाप्तिस्त उपदेशकाने दानिएल ८:१४ येथील २,३०० दिवसांची वर्षे करून असाच हिशेब मांडला होता, आणि त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस नेमला. तोही दिवस इतर दिवसांसारखाच मावळला. मिलरने पुढे आपली गणना चुकल्याचे कबूल केले. दोन्ही ठिकाणी मूळ एकच आहे : जे देवाने झाकून ठेवले, ते उघडण्याची किल्ली आपल्या हाती आहे असे उपदेशकास वाटले, आणि लोकांनी ती किल्ली तपासून पाहिली नाही. अनुवाद १८:२२ मध्ये ह्याची साधी कसोटी दिली आहे. सांगितलेले घडले नाही, तर ते परमेश्वराचे बोलणे नव्हते, आणि त्या मनुष्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.

ह्या सर्व उदाहरणांवरून चार प्रश्न हाती येतात. कोणीही वचन सांगितले, तरी ते मनात विचारावे. हे वचन कोण कोणास बोलत आहे? त्याच्या मागे व पुढे काय आहे? ह्याच गोष्टीविषयी शास्त्रात दुसरीकडे काय सांगितले आहे? आणि ह्या शिकवणीने ख्रिस्त मोठा होतो व शेजाऱ्यावर प्रीती वाढते, की सांगणाऱ्याचे नाव व पैसा वाढतो? ज्याला वाचता येत नाही त्याने निराश होऊ नये. शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलाला किंवा नातीला तो सबंध अध्याय दोनदा मोठ्याने वाचावयास सांगावे. मराठीत नवा करार १८११ पासून छापलेला आहे. आता कोणा एकाच मनुष्याच्या तोंडावर अवलंबून राहण्याचे कारण उरलेले नाही.

तिसरा प्रश्न : मग त्याच्या हातून जे मिळाले त्याचे काय?

हा प्रश्न सर्वांत जिव्हाळ्याचा आहे, आणि मंडळीने तो पूर्वीच सोडविलेला आहे. इ. स. ३०३ त रोमचा बादशाह डायोक्लेशियन ह्याने ख्रिस्ती लोकांचा छळ आरंभिला आणि शास्त्राच्या प्रती जाळण्याचा हुकूम काढला. उत्तर आफ्रिकेत काही पाळकांनी भिऊन पवित्र ग्रंथ शिपायांच्या हवाली केले. छळ संपल्यावर काही लोक म्हणू लागले, की असल्या भ्रष्ट मनुष्यांच्या हातून झालेला बाप्तिस्मा व्यर्थ आहे, तो पुन्हा झाला पाहिजे. त्यांच्या पुढाऱ्याच्या नावावरून त्यांना दोनातपंथी म्हणतात. ३१४ त आर्ल येथील धर्मसभेने, आणि पुढे हिप्पोचे अध्यक्ष ऑगस्टिन ह्यांनी, असे ठरविले की बाप्तिस्मा देणाऱ्याच्या शुद्धतेवर तो टिकून नसतो. तो ख्रिस्ताचा आहे. पौलानेही करिंथकरांना हेच विचारले होते, की तुमचा बाप्तिस्मा पौलाच्या नावाने झाला काय? पाट फुटका असला तरी गोदावरीचे पाणी गोदावरीचेच असते. तुमचा बाप्तिस्मा पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने झाला असेल, तर तो पाळकाबरोबर निघून गेलेला नाही.

आणि चांगले असेल ते टाकून देऊ नये. ज्या यूस्तुस योसेफांची गोष्ट वर सांगितली, त्यांनी रचलेली मलयाळम् गीते केरळातील मंडळ्या आजही गातात. त्यांचे गणित मंडळीने टाकले. त्यांचे गायन ठेवले. सर्व गोष्टी पारखाव्या व त्यांतील उत्तम ते घट्ट धरावे, असे पौल थेस्सलनीकेच्या मंडळीस शिकवितो, त्याचा अर्थ हाच. माजी पाळकाने तुम्हास प्रभूची प्रार्थना शिकविली असेल, दारू सोडविली असेल, मुलीला शाळेत घालण्यास सांगितले असेल, तर ते त्याच्याबरोबर फेकून देऊ नका. पिकात तण आले म्हणून कोणी शेत पेटवीत नाही.

त्या मनुष्याविषयीही न्यायाने वागावे. १ तीमथ्य ५:१९ सांगते, की दोन किंवा तीन साक्षीदारांवाचून वडिलावर आरोप घेऊ नये. त्याच्या पुढची ओवी सांगते, की पाप ठरले तर सर्वांसमोर दोष दाखवावा. ह्यांपैकी एकच ओवी धरणारा पुन्हा शास्त्राची अर्धी भाकरच खातो. पहिली सोडली तर पारावरची कुजबूज न्यायासनावर बसते. दुसरी सोडली तर मोठ्यांची पापे झाकली जातात व लहान जन चिरडले जातात. जेथे पैशाचा किंवा लेकराबाळांच्या सुरक्षेचा गुन्हा झाला आहे, तेथे वडील मंडळींनी तो मंडळीच्या नावासाठी लपवू नये. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात सरकारचा अधिकारही देवाचाच सेवक म्हटला आहे. आणि जेथे चूक अज्ञानाची आहे, तेथे अक्विल्ला व प्रिस्किल्ला ह्यांचे अनुकरण करावे. अपुल्लोस हा मोठा वक्ता, पण त्याचे ज्ञान अपुरे होते. त्या नवराबायकोने त्याला सभेत खाली पाहावयास लावले नाही. आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. ते तंबू शिवणारे कारागीर होते, पाळक नव्हते. आणि अपुल्लोसाने ते ऐकून घेतले, हा त्याचा मोठेपणा.

उपदेशक बंधूंनो, आता शेवटचा शब्द तुमच्यासाठी. मराठवाड्याने चांगले मेंढपाळ पाहिले आहेत. १८४३ त बाप्तिस्मा घेतलेले रे. नारायण शेषाद्री ह्यांनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसविले आणि हीनदीन मानलेल्या लोकांत आपले आयुष्य घातले. अशांच्या कामामुळे ‘पाळक’ ह्या शब्दाला आपल्या खेड्यांत मान मिळाला. तो मान टिकवावयाचा असेल, तर पुढच्या रविवारी उपदेश करताना लोकांना अध्याय व ओवी सांगा, पुस्तक उघडावयास लावा, आणि उपासना संपल्यावर, कोणास काही विचारावयाचे आहे काय, असे आपण होऊन म्हणा. एखाद्या म्हातारीने उठून, मागच्या वेळी तुम्ही निराळे सांगितले होते, असे म्हटले, तर तिच्यावर रागावू नका. बिरुयाचे रक्त तिच्यात आहे. पौलाने ज्या लोकांपुढे आपली शिकवण तपासू दिली, त्यांच्यापुढे आपण ती झाकून का ठेवावी?

आणि ज्यांचा विश्वास माजी पाळकाच्या वागण्याने खचला आहे, अशा प्रिय जनांनो, ज्याने तुम्हास हाक मारली तो प्रभू बदललेला नाही. निरोप आणणाऱ्याने निरोपात आपले शब्द मिसळले असतील. पत्र मात्र पित्याचेच आहे. ते पत्र स्वतः उघडा, आरंभापासून वाचा, आणि त्याचा आवाज ओळखा. मेंढरे आपल्या मेंढपाळाचा आवाज ओळखतात, असे त्याने योहानाच्या दहाव्या अध्यायात आपल्याविषयी वचन दिले आहे.

आपण प्रार्थना करू. हे स्वर्गीय पित्या, तुझे वचन आमच्या हाती आहे ह्याबद्दल तुझे उपकार मानतो. जे ते सांगतात त्यांना भय व नम्रता दे, जे ऐकतात त्यांना थोर मन दे. ज्यांच्या मनाला वचनाच्या नावाने घाव पडले त्यांना त्याच वचनाने बरे कर. आणि जो आमच्यातून गेला त्याला तुझ्या सत्याकडे परत आण. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.